दोन बोटे मोठे जोडे

डेहराडून,
ता. २२ जानेवारी १८९०

भिकूदादास नाथाचा नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एरवी तुला मावसभावाची आठवण दिवाळीला होते. यंदा जानेवारीतच झाली, तेव्हा काम मोठे असणार हे पाकीट पाहूनच ओळखले.

आपली बहीण आवडा केदारनाथला जाणार हे वाचून दोन दिवस मी उत्तर लिहिले नाही. तिचे यजमान भाऊराव आणि तिचा लहानगा एकाच आठवड्यात पटकीने गेले, त्याला दीड वर्ष झाले. डोंबिवलीच्या घरात तिचे कोणी उरले नाही. त्या दोघांच्या नावाने तिला वर जाऊन पाणी सोडायचे असेल तर तिला अडवू नये, हे तुझे म्हणणे खरे. पण 'उन्हाळ्यात निघणार, तेव्हा थंडीचा प्रश्न नाही' हे वाक्य कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मास्तराने लिहावे, याचे हसू आले.

मी सर्व्हे खात्यात नकाशे काढतो, पण नकाशा काढायला आधी तिथे जावे लागते. तीन उन्हाळे मी बर्फावर घालवले आहेत. ज्या दिवशी तुम्ही कल्याणला उघड्या अंगाने पंख्याचा वारा घेत बसाल, त्या दिवशी केदारच्या वाटेवर गुडघाभर बर्फ असेल. म्हणून पुढचे नीट वाच आणि तिला वाचून दाखव. तिला वाचता येते, तूच शिकवलेस. पण तुझ्या तोंडून ऐकले म्हणजे ती मोडणार नाही.

पहिली गोष्ट जोडे. कातड्याचे, घोट्याच्या वर येणारे, आणि पायापेक्षा दोन बोटे मोठे, कारण आत लोकरीचे दोन मोजे चढवायचे. तळाला खिळे मारून घ्या, नाहीतर बर्फावर पाऊल ठरत नाही. वाटेत गवताच्या दोरीचे जोडे विकत मिळतात, बहुतेक यात्रेकरू तेच घालतात. ते एका दिवसात भिजतात, दुसऱ्या दिवशी फाटतात, पण अनवाणी जाण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. शेवटच्या दोन टप्प्यांत तेही मिळत नाहीत. आवडाने जन्मात जोडा घातलेला नाही. तिथे जाऊन नवा घातला तर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतील. तेव्हा आत्तापासून रोज तासभर घालून चालायचे. लोक हसतील. हसू देत.

दुसरे, डोळ्यांवर बांधायला काळ्या मलमलीची पट्टी. बर्फावरचे ऊन डोळे जाळते. तिसरे, लोखंडी टोकाची काठी. खोबरेल नेऊ नका, तुमचे खोबरेल तिथे दगड होते. तिळाचे तेल न्या. बर्फावरून उजाडताच निघायचे आणि दुपारपूर्वी पलीकडे जायचे, दुपारनंतर ते मऊ होते आणि खालचे ओढे दिसत नाहीत. ओल्या लुगड्यात राहायचे नाही, सोवळे असो की नसो. दमले तरी बर्फावर बसायचे नाही. आणि पाय पांढरे पडून त्यांत काही कळेनासे झाले तर शेकोटीजवळ न्यायचे नाहीत. हाताने हळूहळू चोळायचे.

सोबत कोण आहे ते कळव.

तुझा
नाथा

*

कल्याण,
ता. ९ फेब्रुवारी १८९०

चि. नाथा यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राप्रमाणे तयारी सुरू केली आहे. सोबत रंगूआत्या आहेत. त्या दोनदा काशीला जाऊन आल्या आहेत. आणखी पाच माणसे पारनाक्यावरची आहेत. चौदा एप्रिलला निघतील.

जोडे शिवणाऱ्या दौलतला घरी बोलावले. तो अंगणात बसला. तो आवडाच्या पायाचे माप कसे घेणार, हा प्रश्न आला. शेवटी मी शाळेतला चित्रकलेचा जाड कागद आणला, ती त्यावर उभी राहिली आणि मी पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढली. तिने कागद उचलून पाहिला आणि म्हणाली, "दादा, माझा पाय एवढा मोठा आहे? असा कधी बघितलाच नव्हता."

दौलत कागद घेऊन म्हणाला, "बाईमाणसाचं जोडं? तळाला खिळं? आणि वर दोन बोटं मोठं? पडतील की मास्तर त्या."

मी म्हणालो, "सांगितले तसे कर."

"करतो. माझं काय जातंय. पण कुणी इचारलं तर माझं नाव सांगू नका."

परवा त्याने जोडे आणि माप दोन्ही आणून दिले. काम चांगले आहे. आवडाने पहिल्या दिवशी माजघरात घालून पाहिले. भिंतीला धरून चालत होती. आमची द्वारका हसून लोळली, तेव्हा आवडाही हसली. दीड वर्षात मी तिला प्रथम हसताना पाहिले, म्हणून हे लिहितो.

काळी मलमल आणली. काठीला लोखंडी टोक बसवले.

भिकाजी

*

कल्याण,
ता. २० मार्च १८९०

चि. नाथा यास आशीर्वाद.

मध्यंतरी लिहिणे झाले नाही. द्वारकेचे लग्न ठरले. ठाण्याचे खंडेराव चित्रे यांचा धाकटा मुलगा. खंडेराव पेन्शनर आहेत, कोलशेतला त्यांची आंब्याची बाग आहे. द्वारकेला अकरावे सरत आले, दोन ठिकाणी नकार आला होता, हे तुला माहीत आहे. मुहूर्त सहा जूनचा आहे.

आवडाच्या चालण्याविषयी. माजघरात तासभर चालणे होत नाही, म्हणून ती पहाटे शेणाळे तलावाच्या काठाने जाऊ लागली. पहिले चार दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. पाचव्या दिवशी मुले मागे लागली. "मडम आली, मडम! टोपी कुठं राहिली?" पुढे मोठी माणसेही वाटेत उभी राहू लागली. एक दिवस शाळेत गेलो तर फळ्यावर नऊवारी नेसलेल्या आणि बूट घातलेल्या बाईचे चित्र होते. खाली काही लिहिलेले नव्हते. मी ते पुसले आणि गणित घेतले. त्या दिवसापासून तिचे तलावावर जाणे मी बंद केले. तिने का म्हणून विचारले नाही.

साखरपुडा परवा झाला. शरबतासाठी मुंबईहून बर्फाची लादी आणवली होती, लाकडाच्या भुशात गुंडाळून. शुभकार्य असल्यामुळे आवडा आत होती. पंगत उठल्यावर खंडेराव ओटीवर पान लावीत म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरात बूट घालणारी विधवा आहे म्हणे. कीर्ती ठाण्यापर्यंत पोचली."

मी केदारचे आणि बर्फाचे सांगितले.

ते म्हणाले, "बर्फासाठी बूट? मग बर्फ इथे आहेच की. लादी उरली असेल ना? पाहू या तरी बूट लागतात का."

सगळे हसले. मला नाही म्हणता आले नाही. मागच्या अंगणात लादी ठेवली आणि मी आवडाला बोलावले. ती पदर घेऊन आली. मी सांगितले, "यावर उभी राहा, मी मोजतो." ती उभी राहिली. पुरुषमंडळी दारात उभी होती. शंभर झाले तेव्हा खंडेराव "वा" म्हणाले. दोनशेला कोणीतरी म्हणाले, "आणखी शंभर निघतात का बघा." मी तीनशेपर्यंत मोजले. ती उतरली तेव्हा लादीत तिच्या दोन्ही पावलांचे खळगे पडले होते. ती म्हणाली, "काही झालं नाही, दादा," आणि आत गेली.

यावरून तिची सहनशक्ती आपण समजतो त्याहून पुष्कळ जास्त आहे असे मला वाटते. दोन दिवस तिला चुलीपुढे उभे राहवत नव्हते, असे घरात म्हणतात. पण कार्याचे श्रमही झाले होते.

भिकाजी

*

डेहराडून,
ता. २ एप्रिल १८९०

भिकूदादा,

तुझे पत्र दोनदा वाचले. तीनशे अंक म्हणजे पाच मिनिटे होतात. तिला तिथे तीन दिवस चालायचे आहे, आणि तिथे "पुरे" म्हणणारा कोणी नसतो. तू मुलांना शिकवतोस. आपल्या बहिणीला पाहुण्यांपुढे बर्फावर उभी करून तू काय शिकलास ते मला कळले नाही.

त्या खंडेरावांना माझा निरोप दे की त्यांनी एकदा इकडे यावे. लादी मी पुरवीन.

जोडे तिच्या सामानात आहेत की नाहीत? एका ओळीत लिही.

नाथा

*

कल्याण,
ता. १४ एप्रिल १८९०

चि. नाथा यास आशीर्वाद.

आहेत.

मंडळी आज सकाळच्या गाडीने निघाली. आवडाचे एक गाठोडे मी स्वतः वेगळे बांधले आणि वरून शिवून टाकले. वाटेत सोबत्यांनी जोडे पाहून तिला बोलू नये, म्हणून बर्फ लागेपर्यंत शिवण उसवू नकोस असे तिला सांगितले. तिने गाठोडे उचलून पाहिले आणि म्हणाली, "वजनावरूनच कळतंय, आहेत ते."

स्टेशनवर मी जाऊ शकलो नाही, शाळा होती.

भिकाजी

*

श्रीनगर, गढवाल,
ता. १ मे १८९०

तीर्थरूप दादास आवडाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. इथे डाक आहे म्हणून लिहिते. हे डोंगर आपल्या मलंगगडासारखे नाहीत. एक चढला की त्याच्या मागे दुसरा उभाच असतो. रंगूआत्या रोज म्हणतात, "हा शेवटचा गं," आणि रोज मी त्यांना हसते. चालताना मी पावले मोजते. तीनशे झाली की पुन्हा एकपासून.

आज इथल्या बाजारात सगळ्यांनी गवताचे जोडे घेतले. आत्यांनीही घेतले. मला म्हणाल्या, "तू पण घे, वर मिळायचे नाहीत." मी म्हटले, माझे आहेत. तेव्हा त्या म्हणाल्या, "चामडं घालून देवाला जाशील?" मी म्हटले, देवाच्या दारात काढून ठेवीन, तोवर तर घालीन. गाठोडे तू शिवलेस तसेच आहे. उशाला घेऊन निजते. कडक लागते, पण बरे वाटते.

दादा, त्या दिवशी फळ्यावर चित्र काढले होते ते मला द्वारकेने सांगितले. माझ्यापायी तुला खाली बघावे लागले. तरी तू जोडे दिलेस. हे मला तोंडाने सांगता आले नसते म्हणून लिहिले.

द्वारकेच्या लग्नात मी नसेन ते बरेच आहे, दाराआड उभे राहावे लागणार नाही. तिला माझे आशीर्वाद.

तुझी
आवडा

*

श्रीनगर, गढवाल,
ता. २४ मे १८९०

भिकूदादा,

हे वाचशील त्या क्षणी तारघर गाठ. बाकीचे पत्र नंतर वाच.

केदारच्या शेवटच्या टप्प्यावर तुमच्या मंडळींना दोन दिवस बर्फाच्या वादळाने गाठले. बाकी सगळे बोटे सुजून, कातडी सोलून, पण धड उतरले. आवडा अनवाणी होती. देवळापर्यंत गेली, पाणी सोडले, उतरताना पडली. पहाडी माणसांनी तिला पाठीवरच्या टोपलीत बसवून सात दिवसांत इथे दवाखान्यात आणले. निरोप आला तसा मी रजा टाकून आलो.

डावा पाय घोट्यापर्यंत काळा आहे, उजव्याची बोटे काळी आहेत. डॉक्टर म्हणतात, डावा पाय आणि उजवी बोटे कापली तर ती जगेल. काळेपणा वर चढला तर नाही. ते सहा जूनपर्यंतची मुदत देतात, त्यापुढचे सांगत नाहीत.

आवडा कापू देत नाही. मी रागावलो, हात जोडले. ती एकच म्हणते, "दादाला विचारा. दादा हो म्हणाला तर मी हूं की चूं करणार नाही." तिच्या मर्जीविरुद्ध डॉक्टर हात लावणार नाहीत. तेव्हा तुझा शब्द हवा आहे, एकच शब्द. तार डेहराडूनला माझ्या कचेरीत कर. तिथे घोडा आणि माणूस तयार ठेवला आहे. चार दिवसांत ती इथे येईल.

जोड्यांचे विचारले तर म्हणते नदीच्या पुलावरून पडले. पायांची ही दशा, तरी मी तिला त्याबद्दल बोललो. आता वाईट वाटते.

ती शुद्धीवर आहे, जेवते, तुमच्या घरचे बोलते. ती जगू शकते. वेळ घालवू नकोस.

नाथा

*

कल्याण,
ता. २ जून १८९०

चि. नाथा यास आशीर्वाद.

तुझे पाकीट काल आले. अक्षर तुझे आहे आणि वर श्रीनगरचा शिक्का आहे. पाकिटाचा कोपरा फाडलेला आहे, तो पाहिला. मी ते उघडलेले नाही.

का ते तुला सांगावे लागू नये, पण लिहितो. कोपरा फाडलेले पत्र आपल्याकडे कशाचे असते ते मला ठाऊक आहे. वाचले की मला कळले असे होईल, आणि कळले की सुतक लागेल. तिच्या सासरी कोणी नाही, क्रिया मलाच करायची, म्हणजे पुरे दहा दिवसांचे. ज्या घरात सुतक आहे तिथून द्वारकेची वरात निघणार नाही. हा मुहूर्त गेला तर पुढचा चातुर्मासानंतर, आणि खंडेराव तोपर्यंत थांबणार नाहीत. जे झाले आहे ते मी चार दिवसांनी वाचल्याने बदलणार नाही. सहा तारखेला लग्न आहे, आठला सर्व मंडळी परत जातील, त्या दिवशी वाचीन.

मी कोणाला बोललो नाही. काल संध्याकाळी शेणाळे तलावावर एकटा जाऊन आलो. ती जिथे चालत असे तिथपर्यंत गेलो. घरी मांडव घातला आहे, बायका गाणी म्हणत आहेत. मला सारखे विचारतात, "मास्तर, चेहरा असा का? मुलगी सासरी जाणार म्हणून?" मी हो म्हणतो.

तू तिथपर्यंत गेलास आणि तिचे शेवटचे पाहिलेस, याबद्दल तुझे उपकार आहेत. तिला फार त्रास झाला नसावा अशी आशा करतो.

भिकाजी

*

श्रीनगर, गढवाल,
ता. १२ जून १८९०

भिकाजी बाबाजी कर्णिक यांस,

आठ तारखेची तुझी तार आज दुपारी पोचली. तीत लिहिले आहे, पाय कापावे. आवडा नऊ तारखेला सकाळी गेली. गंगेच्या काठी मी अग्नी दिला.

तुझे दोन जूनचे पत्र कचेरीतून फिरून परवा माझ्या हाती आले. तिच्यासाठी इथे थांबलेल्या रंगूआत्यांना मी ते वाचून दाखवले नाही.

पाकिटाचा कोपरा मी फाडला नव्हता. इकडचे हरकारे नद्या उतरून जातात, पिशव्या भिजतात, ओले पाकीट कोपऱ्याला फाटते. इथून जाणारी निम्मी पाकिटे तशीच पोचत असतील. ज्या दिवशी ते तुझ्या हाती आले त्याच दिवशी तार केली असतीस तर ती पाच तारखेला इथे आली असती. डॉक्टर तयार होते. उपकरणे उकळून ठेवली होती.

ती रोज सकाळी विचारी, "तार आली का?" सहा तारखेला मात्र विचारले नाही. मीच म्हणालो, आज येईल. तेव्हा म्हणाली, "आज कशी येईल? आज द्वारकेचं लग्न. दादाला आज श्वास घ्यायला फुरसत नसेल." सात तारखेला ताप चढला. मग ती आकडे मोजू लागली. शेवटपर्यंत मोजत होती. मला त्याचा अर्थ ठाऊक होता, इथे दुसऱ्या कोणाला नव्हता.

आता दुसरे. तिचे गाठोडे मी काल उघडले. त्यात एक नारळ निघाला. तो एका जाड कागदात गुंडाळलेला होता. कागदावर पेन्सिलीने पावले काढली आहेत. रंगूआत्यांना विचारले. त्या म्हणाल्या, गौरीकुंडाला, जिथून पुढे बर्फ होते, तिथे तिने शिवण उसवली. दोन नारळ निघाले. ती थोडा वेळ ते मांडीवर घेऊन बसली. आत्या म्हणाल्या, "अगं, जोडे कुठायत?" तर म्हणाली, "मागच्या पुलावर पडले, तुम्हाला सांगायचं राहिलं." आत्या म्हणाल्या, "शिवलेल्या गाठोड्यातून?" त्यावर तिने नारळ पुन्हा गाठोड्यात बांधले. आत्यांनी आपले गवताचे जोडे देऊ केले तर म्हणाली, "तुमचं वय आहे का अनवाणी चालायचं?" एक नारळ तिने देवापुढे फोडला, तुझ्या आणि द्वारकेच्या नावाने. आत्यांनी स्वतः ऐकले.

जोडे कुठे आहेत? एका ओळीत लिही.

नाथा

*

कल्याण,
ता. ४ जुलै १८९०

नाथा,

जोडे माझ्या कपाटात आहेत.

तू एक ओळ मागितलीस, ती वर लिहिली. पुढचे वाचले नाहीस तरी चालेल.

साखरपुड्याच्या दिवशी लादी उचलल्यावर खंडेरावांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "बाईमाणूस तीनशे मोजेपर्यंत बर्फावर उभी राहते, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. आता बूट घरातून बाहेर पडले तर सोयरीक मोडली समजा. माझ्या सुनेच्या आत्याने बूट घालून यात्रा केली, हे मला ठाण्यात ऐकायचे नाही." मी हो म्हणालो. ते मी तुला लिहिले नाही. तू विचारलेस तेव्हा 'आहेत' असे लिहिले. तेव्हा ते आहेतच, घरात आहेत, असे मी मनाशी म्हणालो होतो.

आवडाला तसे सांगायला हवे होते. सांगितले असते तर तिने श्रीनगरला सगळ्यांबरोबर गवताचे जोडे घेतले असते. तेवढेच पुरे होते. पण तिच्यापुढे उभे राहून ते म्हणणे मला जमले नाही. म्हणून एका हातात जोडा आणि एका हातात नारळ घेऊन वजन पाहिले. एका जोड्याला एक नारळ बरोबर झाला. गुंडाळायला जो कागद हाताशी होता तो घेतला. त्यावर काय आहे हे पाहिले नाही. आता वाटते, पाहिले असते तरी तोच घेतला असता.

पाकीट आले तेव्हा ते घरात कोणाच्या हाती लागू नये म्हणून डाव्या जोड्यात ठेवले. त्या जोड्यांना घरात कोणी शिवत नाही. आठ तारखेला बाहेर काढून वाचले आणि तारघरात गेलो. तारबाबूने विचारले, "काय लिहू?" मी सांगितले. तो म्हणाला, "कोणाचे पाय?"

तिच्या सासरी कोणी नाही म्हणून क्रिया मी केली. तुझे पत्र वीस जूनला आले, त्या दिवसापासून धरून तेरावा परवा झाला. या वेळी पत्र लगेच उघडले.

तेराव्याला जोडे, छत्री आणि काठी दान करायची असते. गेलेल्या माणसाच्या वाटेवर तापलेली वाळू असते, काटे असतात, म्हणून. छत्री आणली होती. काठी लोखंडी टोकाची तिच्याबरोबरच गेली, ती तुझ्याकडे असेल. इथे दुसरी घेतली. जोडे मी कपाटातून काढले, पुसले आणि पाटावर ठेवले. भटजींनी एक उचलून तळ पाहिला. म्हणाले, "मास्तर, हे बायकांचे आहेत. खिळे मारलेले. माझा पाय यात जायचा नाही, आणि जो घालता येत नाही तो जोडा दान होत नाही."

खंडेराव आले होते. व्याही म्हणून येणे त्यांना भाग होते. ते म्हणाले, "थांबा हो, मी आणले आहेत." त्यांनी ठाण्याहून नवे जोडे आणले होते, लाल कातड्याचे, चांगल्यापैकी. पिशवीतून काढून त्यांनी स्वतः पाटावर ठेवले आणि मला म्हणाले, "जिवंतपणी काय झाले ते झाले. मेलेल्या माणसाला काही कमी पडू देऊ नये."

मी संकल्प सोडला. तिचे नाव घेतले, गोत्र घेतले, जोडे दिले. तिचे मी परत कपाटात ठेवले.

तो कागद तुझ्याकडे आहे. परत पाठवशील तर बरे. पाठवला नाहीस तरी मी पुन्हा मागणार नाही.

दान घेतल्यावर भटजींनी जोडे पायात घातले आणि अंगणात चालून पाहिले, मागच्या अंगणात, जिथे लादी ठेवली होती तिथेच. नवे कातडे वाजत होते. सगळे दारात उभे राहून पाहत होते. मी मोजत नव्हतो, पण आकडे आपोआप येत होते. बाराव्या पावलाला ते वळले आणि म्हणाले, "बरोबर बसले."

भिकाजी